एकच नियम, वेगवेगळे सर्व्हर: होस्ट बदलला की यूआरएल रीरायटिंग का बिघडते

पीएचपी या संकेतस्थळे लिहिण्याच्या भाषेतील कोणत्याही फ्रेमवर्कची, म्हणजे तयार सांगाड्याची, मार्गदर्शिका उघडली, तर पत्त्यातून इंडेक्स डॉट पीएचपी कसे काढावे यासाठी चार-सहा ओळींचा एक तुकडा दिलेला असतो आणि तो डॉट एचटीअ‍ॅक्सेस या फाइलमध्ये (सर्व्हरसाठीच्या नियमांच्या फाइलमध्ये) टाका, असे सांगितलेले असते. मागितलेला पत्ता सर्व्हरने असा आतल्या आत बदलणे, हेच यूआरएल रीरायटिंग. लिहिणाऱ्याच्या संगणकावर तो तुकडा अर्थातच चालतो. तोच दुसऱ्या होस्टवर, म्हणजे संकेतस्थळ ठेवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, नेला की कोठे ४०४ (पान सापडले नाही) मिळतो, कोठे ५०० (सर्व्हरची अंतर्गत चूक) मिळतो, तर कोठे कोणताही पत्ता टाकला तरी मुखपृष्ठच समोर येते. आणि मग बहुतेक जण आणखी एखादा तुकडा शोधून तो पहिल्याच्या खाली चिकटवतात. अशा थरांवर थर चढलेल्या फाइली मला कामानिमित्त वरचेवर पाहाव्या लागतात. माझे मत असे झाले आहे की, नियम मुळात सगळीकडे एकच असतो आणि बदलतात त्या फक्त चार गोष्टी: तो नियम कोण वाचतो, केव्हा वाचतो, पत्ता कोठून मोजतो आणि उरलेला पत्ता फ्रेमवर्कच्या हाती कोणत्या वाटेने देतो. या चार प्रश्नांची उत्तरे माहीत असली, तर तुकडा स्वतः लिहिता येतो.

तो एक नियम साध्या शब्दांत असा मांडता येईल: मागितलेल्या पत्त्यावर खरोखरची फाइल असेल तर ती जशीच्या तशी द्यावी, नसेल तर सारी विनंती इंडेक्स डॉट पीएचपीकडे सोपवावी. चित्रे, स्टाइलशीट, जावास्क्रिप्ट यांच्या फाइली पहिल्या अर्ध्या भागात निकालात निघतात. 'लेख/२५' किंवा 'सदस्य/नोंदणी' यांसारखे पत्ते, ज्यांच्या मागे डिस्कवर काहीही नसते, ते दुसऱ्या अर्ध्या भागातून फ्रेमवर्कच्या राउटरपर्यंत पोहोचतात. लारावेल, सिम्फनी, कोडइग्नायटर, स्लिम, वर्डप्रेस या सर्वांना सर्व्हरकडून एवढेच हवे असते. 'लेख/२५' म्हणजे कोणता कंट्रोलर (कोडचा भाग) आणि त्यातील कोणती मेथड (फंक्शन), हे ठरवणे राउटरचे काम आहे. सर्व्हरच्या नियमांत प्रत्येक पानासाठी वेगळी ओळ लिहिलेली दिसली, की दोन ठिकाणी राउटिंग सुरू झाले आहे आणि त्यातले एक लवकरच दुसऱ्याशी भांडणार, असे खुशाल समजावे.

अपाची या वेब सर्व्हरपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण बहुतेक मार्गदर्शिका अपाची गृहीत धरूनच लिहिलेल्या असतात. मॉड-रीराइट हे त्याचे रीरायटिंगचे मॉड्यूल राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिले आणि १९९७ मध्ये ते अपाची गटाला देऊन टाकले. तेव्हापासून त्यात इतके पर्याय साचत गेले आहेत की, त्याचे अर्धे वर्तन हे नियम कोठे लिहिला आहे यावर अवलंबून असते. मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल होस्टच्या (एका संकेतस्थळासाठीच्या विभागाच्या) आत, लिहिलेला नियम सर्व्हर सुरू होताना एकदा वाचला जातो आणि पत्त्याची फाइलशी सांगड घालण्याच्या आधी लागू होतो. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये लिहिलेला नियम प्रत्येक विनंतीच्या वेळी नव्याने वाचला जातो, आणि तोही पत्त्याची फाइलशी सांगड घालून झाल्यानंतर.

या एका फरकातून तीन परिणाम निघतात. पहिला म्हणजे, डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियमाची तुलना ज्या मजकुराशी होते त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ, आणि फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचे नाव, आधीच काढून टाकलेले असते. त्यामुळे तिरक्या रेघेने सुरू होणारा नमुना तेथे कधीच जुळत नाही, आणि तोच नमुना व्हर्च्युअल होस्टमध्ये मात्र बरोबर जुळतो. दुसरा परिणाम फाइल अस्तित्वात आहे का हे तपासणाऱ्या अटीचा. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये रिक्वेस्ट-फाइलनेम या चलात (व्हेरिएबलमध्ये) डिस्कवरचा पूर्ण मार्ग असतो, परंतु व्हर्च्युअल होस्टमध्ये तो अजून ठरलेलाच नसतो आणि त्या चलात नुसता पत्ता असतो. तेथे डॉक्युमेंट-रूट (संकेतस्थळाचा मूळ फोल्डर) त्या चलाच्या आधी जोडल्याशिवाय ती अट नेहमीच 'फाइल नाही' असे सांगते आणि प्रत्येक चित्र, प्रत्येक स्टाइलशीट फ्रेमवर्ककडे जाऊ लागते. चालणारा तुकडा डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधून उचलून 'वेग वाढावा म्हणून' मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये हलवला आणि पानांचे रूपच उडाले, अशा तक्रारींचे मूळ बहुधा येथे असते. तिसरा परिणाम शेवटचा नियम असल्याची खूण म्हणून लावल्या जाणाऱ्या एल या फ्लॅगचा. हा फ्लॅग चालू फेरी थांबवतो, परंतु डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये पत्ता बदलला की संपूर्ण नियमावली नव्या पत्त्यावर पुन्हा पहिल्यापासून चालते. इंडेक्स डॉट पीएचपी ही खरी फाइल असल्यामुळे दुसऱ्या फेरीत अट तिला अडवते आणि सारे सुरळीत होते. ती फाइल अपेक्षित जागी नसेल, किंवा अटच लिहिलेली नसेल, तर फेऱ्या चालूच राहतात आणि दहा अंतर्गत वळणांची मर्यादा ओलांडली म्हणून अपाची ५०० देतो. अपाची २.४ मध्ये यासाठी एंड नावाचा वेगळा फ्लॅग आहे, जो पुढच्या फेऱ्याही बंद करतो.

आता नियम कोण वाचतो हा प्रश्न. अपाची २.४ मध्ये अलाउओव्हरराइड या निर्देशाचे मूळ मूल्य 'नन' आहे, म्हणजेच डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइल उघडूनही पाहिली जात नाही. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सर्व्हरवर, कंपनीने ते आधीच खुले करून ठेवलेले असते, म्हणून तेथून स्वतःच्या नव्या व्हीपीएसवर (स्वतंत्र आभासी सर्व्हरवर) आलेल्या माणसाला पहिला ४०४ येथेच भेटतो. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर मॉड-रीराइट हे मॉड्यूलही आपण होऊन चालू नसते. एटू-एनमॉड या आज्ञेने ते चालू करून अपाची पुन्हा सुरू करावा लागतो. फाइल वाचली जाते की नाही हे ओळखण्याची एक ओबडधोबड पण खात्रीची युक्ती आहे: तिच्या पहिल्या ओळीत काहीतरी निरर्थक अक्षरे लिहावीत. पान ५०० देऊ लागले तर फाइल वाचली जात आहे. काहीच फरक पडला नाही तर पुढचे सारे नियम कितीही अचूक असले तरी व्यर्थ आहेत. चालत्या संकेतस्थळावर ही युक्ती अर्थातच वापरू नये.

याच संदर्भात, नियमांभोवती लावलेल्या इफ-मॉड्यूल या वेष्टनाविषयी माझी थोडी नाराजी नोंदवतो. मॉड्यूल नसेल तर आतला भाग मुकाट्याने वगळावा, हा त्याचा अर्थ. जे उत्पादन अनोळखी हजारो होस्टवर बसवले जाणार आहे, त्याला ते ठीक आहे. स्वतःच्या प्रकल्पात, जेथे रीरायटिंगशिवाय एकही पान उघडणार नाही, तेथे मॉड्यूल नसल्याचे स्पष्ट सांगणारा ५०० हा कारण लपवणाऱ्या ४०४ पेक्षा कितीतरी बरा.

शेअर्ड होस्टवर उलट बाजूनेही अडचण येते: फाइल वाचली जाते, पण तिच्यातील सगळ्या ओळींना परवानगी नसते. फ्रेमवर्कबरोबर येणाऱ्या तुकड्यांत ऑप्शन्स या शब्दाने सुरू होणारी एखादी ओळ असते, फॉलोसिमलिंक्स (सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल, वापरण्याची मुभा) चालू करणारी किंवा मल्टिव्ह्यूज बंद करणारी. होस्टने ऑप्शन्स बदलण्याची मुभा दिलेली नसेल, तर तेवढ्या एका ओळीमुळे संपूर्ण संकेतस्थळ ५०० देते आणि दोष मात्र रीराइटरूलला (रीरायटिंगच्या नियमाच्या ओळीला) दिला जातो. ती ओळ काढून पाहावी. फॉलोसिमलिंक्स आणि त्याचा सिमलिंक्स-इफ-ओनर-मॅच हा कडक भाऊ, हे दोन्ही बंद असतील तर अपाची रीरायटिंगच नाकारतो आणि ४०३ (परवानगी नाही) देतो. अनेक होस्ट सुरक्षिततेसाठी फक्त दुसऱ्याला परवानगी देतात, आणि रीरायटिंगसाठी तेवढे पुरते. मल्टिव्ह्यूजचे प्रकरण अधिक फसवे आहे. ते चालू असताना 'संपर्क' असा पत्ता मागितला आणि त्याच नावाची पीएचपी फाइल शेजारी असली, तर आपला नियम लागू होण्याआधीच अपाची ती फाइल निवडून मोकळा होतो.

पत्ता कोठून मोजायचा हे सांगणाऱ्या रीराइटबेस या ओळीबद्दल सर्वांत जास्त अंधश्रद्धा आहेत. काही जण ती ओळ नेहमी लिहितात, काही जण कधीच लिहीत नाहीत, आणि दोघांचेही बहुतेक वेळा चालून जाते, कारण संकेतस्थळ डॉक्युमेंट-रूटच्या खाली सरळ बसलेले असताना तिची गरजच नसते. पत्त्यातील मार्ग आणि डिस्कवरील मार्ग यांचा मेळ नसेल, म्हणजे अलियस या निर्देशाने दुसरीकडून जोडलेला फोल्डर असेल किंवा डोमेन येण्यापूर्वी होस्टने दिलेला, वापरकर्त्याच्या नावाआधी लाटेचे चिन्ह असलेला तात्पुरता पत्ता असेल, तेव्हा मात्र ती लागते. तात्पुरत्या पत्त्यावर चाचणी करताना घातलेली ती ओळ खरे डोमेन जोडल्यावर काढायची राहून गेली, तर मुखपृष्ठ सोडून बाकी सारे बिघडते.

आता चौथ्या प्रश्नाकडे, म्हणजे उरलेला पत्ता फ्रेमवर्कला कसा मिळतो याकडे येतो, कारण सर्वांत चमत्कारिक दोष येथेच उद्भवतात. वाटा तीन आहेत. इंडेक्स डॉट पीएचपीच्या पुढे तिरकी रेघ देऊन पत्ता जोडला, तर तो पाथ-इन्फो या चलातून येतो. मध्ये प्रश्नचिन्ह घालून जोडला, तर तो क्वेरी स्ट्रिंगमधून, म्हणजे प्रश्नचिन्हानंतरच्या भागातून, येतो. आणि काहीच जोडले नाही, तरी ब्राउझरने मुळात काय मागितले होते ते रिक्वेस्ट-यूआरआय या चलात शिल्लक असते, आणि आजची बहुतेक फ्रेमवर्क तेच वाचतात. अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालणारा पीएचपी तिन्ही वाटा सारख्याच सहजतेने हाताळतो. पीएचपी सीजीआय किंवा फास्टसीजीआय पद्धतीने, म्हणजे सर्व्हरबाहेर वेगळा, चालत असेल, तर काही होस्टवर पहिली वाट बंद असते आणि पानावर फक्त 'नो इनपुट फाइल स्पेसिफाइड' एवढी एकच ओळ उमटते. जोडलेल्या संपूर्ण मार्गालाच फाइलचे नाव समजून पीएचपी ती फाइल शोधत असतो. इंडेक्स डॉट पीएचपी आणि पुढचा पत्ता यांच्यामध्ये एक प्रश्नचिन्ह घातले की हा दोष जातो. ज्या उपायाकडे अनेक जण जादू म्हणून पाहतात, त्यात दुसरी वाट निवडण्यापलीकडे काही नाही. मात्र फ्रेमवर्कनेही त्याच वाटेवर किंवा रिक्वेस्ट-यूआरआयवर डोळा ठेवलेला हवा. कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत यूआरआय-प्रोटोकॉल नावाची जी मांडणी आहे, ती नेमकी हीच निवड करते. प्रत्येक पत्त्यावर मुखपृष्ठच दिसत असेल, तर रीरायटिंग व्यवस्थित चालू आहे आणि सर्व्हर एका वाटेने पत्ता पाठवतो आहे तर फ्रेमवर्क दुसऱ्या वाटेवर थांबले आहे, असा त्याचा अर्थ असतो.

देवनागरी पत्ते वापरणाऱ्यांना या वाटांमधील आणखी एक भेद ठाऊक असायला हवा. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा रूपात जाते, म्हणजे एका चिन्हासाठी नऊ वर्ण. रिक्वेस्ट-यूआरआयमध्ये हे सांकेतिक रूप तसेच राहते; पाथ-इन्फोमध्ये ते उलगडून मूळ अक्षरे येतात. त्यामुळे डेटाबेसमधील मराठी शीर्षकाशी पत्त्याची थेट तुलना करणारा कोड एका होस्टवर चालतो आणि वाट बदललेल्या दुसऱ्या होस्टवर 'लेख सापडला नाही' असे म्हणतो. कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तीत परवानगी असलेल्या अक्षरांची जी यादी असते, तिच्यात रोमन अक्षरे, अंक, टक्केचिन्ह आणि मोजकी विरामचिन्हे आहेत; सांकेतिक रूप तिच्यातून पार होते, उलगडलेले रूप अडवले जाते. अपाचीचा रीराइटरूलदेखील उलगडलेल्या रूपावर चालतो, म्हणून पकडलेला मजकूर क्वेरी स्ट्रिंगमध्ये घालताना त्यात अँड (&) हे चिन्ह असेल तर पुढचा भाग वेगळा पॅरामीटर होऊन बसतो. बी हा फ्लॅग तो मजकूर पुन्हा सांकेतिक करतो. आणि पत्त्याच्या एखाद्या भागात सांकेतिक रूपातील तिरकी रेघ असेल, तर अपाची मूळ मांडणीत सरळ ४०४ देतो, फ्रेमवर्कपर्यंत प्रकरण पोहोचतही नाही.

फास्टसीजीआयवर आणखी एक गोष्ट हरवते, ती म्हणजे ऑथोरायझेशन हेडर, विनंतीसोबत जाणारी ओळखीची माहिती. संकेतस्थळाची पाने नीट चालतात, परंतु टोकनवर (ओळखीच्या खुणेवर) चालणारा एपीआय, म्हणजे इतर प्रोग्रामसाठीचा मार्ग, मात्र 'ओळख पटली नाही' म्हणत राहतो. लारावेल आणि सिम्फनी यांच्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये त्या हेडरचे मूल्य एका एन्व्हायर्नमेंट चलात उतरवून घेणारी एक ओळ असते आणि निरुपयोगी समजून ती बरेचदा काढली जाते. ती राहू द्यावी.

एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर डॉट एचटीअ‍ॅक्सेस हा प्रकारच नाही. नियम मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये असतात, ते सर्व्हर सुरू होताना किंवा रीलोड करताना वाचले जातात, आणि ज्याच्याकडे तो अधिकार नाही त्याला होस्टच्या कंट्रोल पॅनलमध्ये दिलेल्या चौकटीवर किंवा मदत कक्षावर विसंबून राहावे लागते. त्या मोबदल्यात नियम मात्र फार स्वच्छ आहे: ट्राय-फाइल्स या एका निर्देशात आधी फाइल, मग फोल्डर आणि शेवटी क्वेरी स्ट्रिंग जोडलेले इंडेक्स डॉट पीएचपी, असे तीन पर्याय लिहिले की झाले. शेवटचा पर्याय अस्तित्वात आहे का हे तपासले जात नाही; तेथे अंतर्गत वळण घेतले जाते. क्वेरी स्ट्रिंग आपण होऊन पुढे जात नाही, ती आपल्याला जोडावी लागते, आणि ती जोडायची राहिली की पाने उघडतात पण शोध आणि पानांचे क्रमांक काम करत नाहीत. अपाचीचे नियम एन्जिनएक्समध्ये रूपांतरित करून देणारी साधने मिळतात आणि त्यांतून इफ-इफच्या लांबलचक साखळ्या बाहेर पडतात. लोकेशनच्या (ठरावीक पत्त्यांसाठीच्या विभागाच्या) आत इफ वापरणे एन्जिनएक्समध्ये बदनाम आहे, कारण तो अपेक्षेप्रमाणे वागत नाही. रूपांतर न करता मूळ नियमाचे वाक्य समोर ठेवून ट्राय-फाइल्स नव्याने लिहावा.

मधला 'फोल्डर' हा पर्याय फ्रेमवर्कसाठी बहुधा अनावश्यक असतो. पब्लिक या बाहेरच्यांना खुल्या फोल्डरात 'अ‍ॅडमिन' नावाचा फोल्डर चित्रांसाठी ठेवला आणि त्याच नावाचा राउटही असला, तर एन्जिनएक्स त्या फोल्डरात शिरतो, तेथे इंडेक्स फाइल सापडत नाही आणि ४०३ देतो. अपाचीवर हीच टक्कर शेवटी तिरकी रेघ जोडणाऱ्या ३०१ च्या (कायमच्या वळणाच्या) रूपाने प्रकट होते.

पाथ-इन्फोवर चालणारे जुने फ्रेमवर्क एन्जिनएक्सवर आणायचे असेल, तर पीएचपीसाठीच्या लोकेशनमध्ये फास्टसीजीआय-स्प्लिट-पाथ-इन्फो लागतो. आणि त्याच लोकेशनमध्ये ट्राय-फाइल्सही लिहिला तर विभागलेला पाथ-इन्फो रिकामा होतो, म्हणून आधी तो दुसऱ्या चलात उतरवून ठेवण्याची पद्धत आहे. या खटाटोपात सुरक्षेचाही मुद्दा आहे. पीएचपीच्या फिक्स-पाथइन्फो या मांडणीमुळे, चित्र म्हणून अपलोड केलेल्या फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ आणि डॉट पीएचपीने संपणारे काहीतरी जोडून ते चित्रच पीएचपी म्हणून चालवून घेण्याचा हल्ला एके काळी खूप गाजला होता. पीएचपी-एफपीएममध्ये, म्हणजे पीएचपीच्या फास्टसीजीआय व्यवस्थापकात, ५.३.९ पासून डॉट पीएचपीसारखे ठरावीक प्रत्यय असलेल्याच फाइली चालवण्याची मर्यादा आहे. ती शिथिल करण्याचे कारण मला अजून सापडलेले नाही.

खरा गोंधळ उडतो तो दोन्ही सर्व्हर एकत्र असतात तेव्हा. अनेक शेअर्ड होस्टवर पुढे एन्जिनएक्स आणि मागे अपाची अशी रचना असते. डॉट एचटीअ‍ॅक्सेस वाचली जाते, नियम चालतात, सगळे ठीक दिसते. पण पुढचा एन्जिनएक्स प्रत्यय पाहून चित्रे, पीडीएफ, एक्सएमएल या विनंत्या स्वतःच उरकतो. त्यामुळे फ्रेमवर्कने तयार करायचा साइटमॅप किंवा लॉगिन तपासून द्यायची पीडीएफ अपाचीपर्यंत पोहोचतच नाही आणि एन्जिनएक्सचा कोरा ४०४ दिसतो. यावर डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये कोणताही उपाय नाही. होस्टकडून ती यादी बदलून घ्यावी, नाहीतर राउटमधून प्रत्यय काढून टाकावा.

लाइटस्पीड हा सर्व्हर डॉट एचटीअ‍ॅक्सेस वाचतो आणि अपाचीसाठी लिहिलेले बहुतेक नियम त्यावर तसेच चालतात. त्याचे मुक्त भावंड ओपन-लाइटस्पीड मात्र त्या फाइलमधील फक्त रीरायटिंगचे नियम घेते, तेही तशी मांडणी चालू असेल तर, आणि बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. कॅडी या सर्व्हरच्या दुसऱ्या आवृत्तीत पीएचपी-फास्टसीजीआय या एका ओळीत हा सगळा नियम सामावलेला आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अपाचीवरही, गुंतागुंतीच्या अटी नसतील तर, फॉलबॅक-रिसोर्स ही एक ओळ पुरते.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरवर नियम वेब डॉट कॉन्फिग या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिले जातात. यूआरएल रीराइट हे मॉड्यूल वेगळे बसवावे लागते. ते नसताना फाइलमध्ये रीराइट विभाग लिहिला, तर ५००.१९ ही त्रुटी येते. एक्सएमएल असल्यामुळे अँड हे चिन्ह सरळ लिहिता येत नाही, त्याचे एक्सएमएल रूपच द्यावे लागते, आणि अपाचीचा नियम घाईने उतरवून घेणारे येथे हमखास अडखळतात. अपाची आणि आयआयएस यांच्यात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा फरक वारशाचा आहे. मुख्य संकेतस्थळावर एक उपयोजन आणि उपफोल्डरात दुसरे, अशी मांडणी असेल, तर अपाचीवर आतल्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये रीराइट-इंजिन चालू केले की बाहेरचे नियम आतल्या फोल्डरापुरते रद्द होतात. आयआयएसवर उलट आहे: बाहेरचे नियम आत झिरपतात आणि दोन्हीकडे एकाच नावाचा नियम असेल तर पुन्हा ५००.१९ येते. आतल्या फाइलमध्ये नियमांच्या आरंभी क्लिअर लिहून हा वारसा तोडावा लागतो. एन्जिनएक्सवर वारसा वगैरे काही नाही. उपफोल्डरासाठी वेगळे लोकेशन लिहिले नाही, तर तेथील प्रत्येक पत्ता मुख्य संकेतस्थळाच्या इंडेक्सकडे जातो.

डॉक्युमेंट-रूट बदलता न येणाऱ्या होस्टवर लारावेलसारखे फ्रेमवर्क बसवताना संपूर्ण प्रकल्प पब्लिक-एचटीएमएलमध्ये (होस्टने दिलेल्या डॉक्युमेंट-रूटमध्ये) टाकून वरच्या डॉट एचटीअ‍ॅक्सेसने सगळे 'पब्लिक' या आतल्या फोल्डरात वळवण्याची पद्धत फार प्रचलित आहे. मला ती मुळीच मान्य नाही. डेटाबेसचा पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल तेव्हा केवळ एका रीराइट नियमाच्या आडोशाला उभी असते. अपाची मूळ मांडणीत डॉट एचटीने सुरू होणाऱ्या फाइलीच लपवतो, बाकीच्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली नव्हे. आणि उद्या होस्टने अपाची काढून एन्जिनएक्स आणला, तर तो आडोसाही जातो. प्रकल्प पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर, एक पायरी वर ठेवून फक्त पब्लिकमधील मजकूर आत ठेवावा व इंडेक्स डॉट पीएचपीमधील मार्ग दुरुस्त करावेत, किंवा होस्ट परवानगी देत असेल तर पब्लिक-एचटीएमएल हीच पब्लिककडे जाणारी सिमलिंक करावी. टिंबाने सुरू होणारे सर्व पत्ते बंद करणारा नियम लिहिताना डॉट वेल-नोन या फोल्डराला सूट द्यायला मात्र विसरू नये, कारण लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची एचटीटीपी पद्धतीची पडताळणी तेथूनच होते.

जँगो, रेल्स किंवा एक्सप्रेस या इतर भाषांतील फ्रेमवर्कवर काम करणाऱ्यांना हे सारे अनोळखी वाटेल. तेथे सर्व विनंत्या एका चालत्या प्रक्रियेकडेच जातात आणि रीरायटिंगची गरज मुख्यतः उपमार्गावर बसवताना पडते. एकपानी जावास्क्रिप्ट उपयोजनांना मात्र हाच नियम इंडेक्स डॉट एचटीएमएलसाठी लागतो. नेटलिफाय या होस्टवर तो रीडायरेक्ट्स फाइलमधील एका ओळीत, २०० या उत्तरासह लिहिता येतो; गिटहब पेजेसवर रीरायटिंग नाही, म्हणून ४०४ चे पानच उपयोजन म्हणून वापरण्याची युक्ती केली जाते आणि पान दिसत असले तरी उत्तराचा क्रमांक ४०४ च राहतो.

रीरायटिंगच्या फाइलीत बहुधा एचटीटीपीएसकडे वळवण्याचा नियमही येऊन बसतो. होस्टच्या पुढे लोड बॅलन्सर किंवा सीडीएन यांसारखा मधला सर्व्हर (प्रॉक्सी) असेल आणि टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसचे कूटलेखन, तेथेच संपत असेल, तर आपल्या सर्व्हरला प्रत्येक विनंती साध्या एचटीटीपीवरून आल्यासारखी दिसते, तो तिला वळवतो, ती पुन्हा तशीच येते आणि ब्राउझर कंटाळून थांबतो. अशा ठिकाणी एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर तपासावे, आणि फ्रेमवर्कलाही त्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायला सांगावे, नाहीतर ते दुवे एचटीटीपीचेच तयार करत राहते. तिरकी रेघ काढणाऱ्या किंवा जोडणाऱ्या ३०१ मधून फॉर्मची पोस्ट (मजकूर पाठवणारी) विनंती गेली, तर ब्राउझर ती गेट (नुसती पान मागणारी) करून टाकतात आणि भरलेला मजकूर नाहीसा होतो; ३०८ मध्ये तसे होत नाही. चाचणी करताना ३०२ (तात्पुरते वळण) वापरावा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि नियम दुरुस्त केल्यावरही जुनेच वळण घेत राहतो. कर्ल या आज्ञेने केवळ हेडर मागवून पाहिले, तर ही स्मृती आड येत नाही.

दोष शोधताना ४०४ चे पान कोणाचे आहे हे आधी पाहावे. सर्व्हरचे कोरे पान असेल तर नियम लागूच झालेला नाही. फ्रेमवर्कचे सजवलेले पान असेल तर रीरायटिंग झाले आहे आणि चूक राउटमध्ये किंवा उपफोल्डराच्या नावात आहे. मुखपृष्ठ ठीक आणि आतल्या पानांचे रूप उडालेले असेल, तर नियमांना हात लावू नये: स्टाइलशीटचा पत्ता सापेक्ष लिहिलेला आहे आणि ब्राउझर तो 'लेख' नावाच्या, प्रत्यक्षात नसलेल्या फोल्डरात शोधतो आहे. त्यानंतरही उलगडा झाला नाही तर लॉग पाहावा. अपाची २.४ मध्ये जुना रीराइटलॉग राहिलेला नाही. मुख्य कॉन्फिगरेशनमधील लॉगलेव्हलमध्ये रीराइट मॉड्यूलसाठी ट्रेस-३ अशी पातळी दिली, की कोणता नमुना कोणत्या मजकुराशी ताडून पाहिला ते ओळीओळीने एरर लॉगमध्ये उतरते. एन्जिनएक्सवर रीराइट-लॉग चालू करून एरर लॉगची पातळी नोटिसवर आणावी, आणि आयआयएसवर फेल्ड रिक्वेस्ट ट्रेसिंग वापरावे. अपाचीची ट्रेस पातळी काम झाल्यावर लगेच खाली आणावी लागते, कारण एका पानामागे त्या लॉगमध्ये शेकडो ओळी जमा होऊ शकतात.